पुण्यातल्या पेठांचा पहिला हेरिटेज वॉक कसा करायचा? पुण्यात नवीन आलेल्यांसाठी

पुण्यात नोकरीला किंवा शिकायला आलेली बरीच मंडळी हिंजवडी, वाकड, खराडी, हडपसर अशी राहतात आणि त्यांच्यासाठी जुनं पुणं म्हणजे दगडूशेठचं दर्शन, तुळशीबागेतली खरेदी आणि पार्किंग मिळत नाही ही तक्रार, एवढंच राहतं. मी सोलापूरहून इथे आले तेव्हा माझंही तसंच होतं. मग एका रविवारी ऑफिसमधल्या मैत्रिणीने हेरिटेज वॉकला नेलं आणि पेठांची गोडी लागली ती लागलीच. आता घरी कुणी पाहुणे आले, ऑफिसात कुणी नवीन आलं की मला हमखास विचारतात की कुठून सुरू करू, किती वेळ लागतो, कुठे खाऊ, गाइड घेऊ की आपलं आपण फिरू. तेच सगळं इथे एकदा नीट लिहून ठेवते.

सुरुवातीलाच एक सांगते. पेठांमध्ये बघण्यासारख्या भव्य वास्तू तशा कमी उरल्यात. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत आतून सगळा जळाला, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे गेले आणि उरलेल्यांच्या जागी बिल्डिंगी उभ्या राहतायत. पण कोणत्या आळीत कोण राहायचं, काय काम करायचं, पाणी कुठून भरायचं, काय खायचं हे अजून बरंचसं जागेवर आहे, फक्त ते दाखवणारं माणूस सोबत लागतं. म्हणून पहिला वॉक गाइडबरोबरच करा, दुसऱ्यापासून एकटे फिरा.

१. आधी एकच पट्टा निवडा

नवीन माणसं हमखास गडबड करतात ती इथे. शनिवारवाडा, पर्वती, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस, कॅम्पातली बेकरी सगळं एका दिवसात उरकायचं ठरवतात आणि निम्मा दिवस रिक्षात जातो. पहिल्या वेळी फक्त कसबा ते मंडई एवढा पट्टा धरा. अंतर म्हणाल तर काहीच नाही, नुसतं चाललं तर अर्ध्या तासात संपेल, पण थांबत, बघत, खात गेलात तर तीन तास आरामात जातात.

हाच पट्टा का, तर कसबा ही सगळ्यात जुनी वस्ती. पेशवाईत पुणं वाढत गेलं तशा बाकीच्या बऱ्याचशा पेठा वसल्या, काहींना वारांची नावं आणि काहींना माणसांची, जसं सदाशिवराव भाऊंवरून सदाशिव पेठ, रास्त्यांवरून रास्ता पेठ. कसब्यापासून चालायला लागलात की शहर ज्या क्रमाने वाढलं साधारण त्याच क्रमाने ते समोर येतं, शहाजीराजे-जिजाऊंचं पुणं, मग पेशव्यांचं, मग फुले-टिळकांचं, आणि शेवटी इंग्रजांच्या काळात बांधलेली मंडई. दुसऱ्या कुठल्या मार्गाने हा क्रम एवढा सरळ लागत नाही.

२. वॉक कुठला घ्यायचा, बुक करताना काय विचारायचं

पुण्यात वॉक घेणारे खूप आहेत, वारसा जपण्याचं काम करणाऱ्या संस्था आहेत, इतिहासाचे अभ्यासक आहेत, फक्त खाण्याचे वॉक काढणारे आहेत, कॉलेजातल्या मुलांचे ग्रुपही आहेत. इन्स्टावर फोटो छान दिसतात म्हणून लगेच पैसे भरू नका, आधी फोन करा किंवा मेसेज टाका आणि एवढं विचारून घ्या:

– ग्रुपमध्ये माणसं किती? पंधराच्या वर असतील तर बोळात शेवटच्या माणसाला काही ऐकू येत नाही, मागच्या गाड्या हॉर्न मारत राहतात आणि तुम्ही नुसते पुढच्याच्या पाठीमागे चालत राहता.
– भाषा कुठली? मराठीत मिळत असेल तर मराठीतच घ्या. तांबट आळीत किंवा मंडईत गाइड जेव्हा तिथल्या लोकांशी बोलतो तेव्हा ते मधलं बोलणंच खरी मजा असते.
– फीमध्ये खाणं धरलंय का, की जिथे खाऊ तिथे वेगळे पैसे?
– वाड्याच्या आत जाणार का, आणि जाणार असाल तर मालकांची परवानगी घेतलीय का?
– पाऊस आला तर काय? कॅन्सल केलं तर पैसे परत का?

आणि अजून एक, तो गाइड कशाबद्दल बोलतो ते बघा. काही जण शनिवारवाड्यासमोर उभे राहून अर्धा तास भुताच्या गोष्टी सांगतात, अमावस्येच्या रात्री 'काका मला वाचवा' ऐकू येतं वगैरे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी त्याच वाड्यात केला हा इतिहास आहे, आणि तो मुळातच इतका भयंकर आहे की त्याला भुताची जोड कशाला पाहिजे? त्यापेक्षा गारदी कोण होते, त्यांचा पगार का थकला होता, राघोबादादांचं आणि पुतण्याचं नेमकं काय बिनसलं होतं हे सांगणारा गाइड मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

३. दिवस आणि वेळ

रविवारी सकाळी सात-साडेसात बेस्ट. ट्रॅफिक नसतो, दुकानांची शटरं बंद असल्यामुळे त्यांच्या वरचे लाकडी सज्जे, महिरपी, जुन्या खिडक्या मोकळ्या दिसतात. दहानंतर लक्ष्मी रोडला मान वर करून चालणं अशक्य आहे.

सोमवार टाळा, कारण लक्ष्मी रोड आणि तुळशीबागेच्या परिसरातली बरीचशी दुकानं सोमवारी बंद असतात. दुपारी एक ते चार हाही वेळ टाळा, मोठी दुकानं हल्ली उघडी असतात पण पेठेतली छोटी दुकानं अजूनही दुपारी बंद करून घरी जेवायला जातात. उन्हाळ्यात दहाच्या आत संपवा. पावसाळ्यात चालेल पण जुन्या फरशा आणि दगडी पायऱ्या निसरड्या होतात, म्हणजे चपलेचा विचार करून या. गणपतीत पहिला वॉक ठेवू नका. गणपतीत पेठा बघायलाच हव्यात, पण त्या दिवसांत गर्दीत वास्तू दिसत नाहीत, मांडव दिसतात, तेव्हा त्यासाठी वेगळी फेरी काढा.

४. सोबत काय घ्यायचं

– पटकन काढता-घालता येईल अशी चप्पल किंवा सँडल. देवळं बरीच आहेत, लेसचे बूट घातलेत तर दर दहा मिनिटांनी खाली वाकावं लागेल.
– पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री.
– सुट्टे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, पण बोळात नेटवर्क जातं आणि जुन्या हॉटेलात सकाळी सकाळी पाचशेची नोट दिलीत तर समोरच्याचा चेहरा बघवत नाही.
– एक आयडी कार्ड आणि बुकिंगचा मेसेज. शनिवारवाड्याच्या आत जायचं असेल तर तिकीट लागतं, ते आदल्या दिवशी ऑनलाइन काढता येतं, तेवढीच रांग वाचते.
– कापडी पिशवी. शेवट मंडईत आहे, रिकाम्या हाताने कुणी येत नाही.
– छोटी वही. गाइड सांगतो ती नावं मोबाइलमध्ये टाइप करत बसलात तर समोरचं बघायचं राहून जातं.

सकाळी घरून खाऊन निघू नका, एखादं केळं किंवा अर्धा कप चहा बास.

५. गाडी आणू नका, मेट्रोने या

सप्टेंबर २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि पेठा बघायला येणाऱ्यांची फार मोठी सोय झाली. कसबा पेठ स्टेशनला उतरायचं, चालत चालत मंडईला पोचायचं आणि मंडई स्टेशनवरून परत. दोन्ही स्टेशनं एकापुढे एक आहेत. गाडी आणलीत तर शिवाजी रोड आणि बाजीराव रोड दोन्ही एकेरी, एक वळण चुकलं की मोठा वळसा पडतो, आणि वॉक जिथे संपतो तिथून गाडीपर्यंत परत चालत यायचं ते वेगळंच. शिवाय स्वच्छतागृह. पेठांमध्ये हा मोठा प्रश्न आहे, विशेषतः बायकांसाठी. मेट्रो स्टेशनवर सोय आहे, सुरू करताना आणि संपल्यावर ती वापरा.

६. कसबा: गणपती, तांबट आळी आणि हौद

सुरुवात कसबा गणपतीपासून करा. पुण्याचं ग्रामदैवत, विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान याचाच, आणि देऊळ जिजाऊंनी बांधलं असं परंपरा सांगते. दर्शन घ्या, लाकडी सभामंडप बघा आणि मग मागच्या गल्ल्यांत शिरा.

तिथून तांबट आळी. माझ्या मते या पट्ट्यातली बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि बहुतेक लोक ती सोडून जातात. तांब्या-पितळेची भांडी घडवणारे त्वष्टा कासार समाजाचे कारागीर इथे राहतात, त्यांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून आले असं ते सांगतात. रविवारी काम बंद असायची शक्यता असते, म्हणून गाइडला आधी विचारून ठेवा किंवा मुद्दाम शनिवार निवडा, कारण काम चालू असताना बघणं वेगळंच. आळीच्या तोंडाशी आलात की ठण ठण आवाज सुरू होतो. कारागीर मांडी घालून बसलेला असतो, समोर लोखंडी दांडा रोवलेला, त्यावर भांडं पालथं घातलेलं, एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हाताने तो भांडं कणाकणाने फिरवत राहतो, एका ठोक्याच्या शेजारी दुसरा ठोका बसतो, ओळ कुठे वाकडी होत नाही, आणि थोड्या वेळात सगळ्या भांड्यावर छोट्या छोट्या चकचकीत खळ्या उमटतात. याला मठारकाम म्हणतात. ती नुसती नक्षी आहे असं वाटतं पण तसं नाही, तांब्याचा पत्रा मऊ असतो, ठोक्यांनी तो कडक होतो आणि भांडं चेपत नाही. पूर्वी अंघोळीचे बंब, हंडे, घागरी बनायच्या, आता पाण्याच्या बाटल्या, दिवे, हॉटेलांसाठी ताटवाट्या बनतात.

विकत घेणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वयंपाकासाठी तांब्या-पितळेचं भांडं घेतलंत तर आतून कल्हई केलेलीच घ्या, कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंच, टोमॅटो असलं आंबट काही ठेवायचं नाही, कळकतं. आणि भावात फार घासाघीस करू नका, एका भांड्यामागे किती तास जातात ते तुम्ही आत्ताच बघितलेलं असतं.

फोटो काढायच्या आधी विचारा. ते लोक कामावर बसलेले असतात, विचारलं तर बहुतेक हो म्हणतात आणि वर दोन गोष्टी जास्तच सांगतात.

मग हौदांबद्दल गाइडला नक्की विचारा, तो स्वतःहून सांगेलच असं नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं, कुठेही पंप नाही, सगळं उतारावर. वाटेत हवा खेळायला उच्छ्वास बांधले आणि शहरात जागोजागी हौद. फडके हौद, काळा हौद ही नावं अजून चौकांना आणि रस्त्यांना आहेत, बसस्टॉपवर वाचता येतात. पण या हौदांवर सगळ्यांनाच पाणी भरता येत नव्हतं. अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी मिळत नव्हतं, म्हणून १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. ते घर म्हणजे गंज पेठेतला फुले वाडा. तो या पट्ट्यात येत नाही, पण मंडईनंतर पायात जोर असेल तर तसेच पुढे जा. हौदाची गोष्ट अर्धी ऐकून घरी जाऊ नका.

७. पहिलं खाणं: मिसळ

फडके हौदाजवळ वैद्य उपहारगृह आहे, तिथली मिसळ लाल तर्रीची नसते, हिरवी मिरची आणि आल्याच्या चवीचा रस्सा. कोल्हापूरकर, नाशिककर मंडळींना ही आधी मिळमिळीत वाटते. दुसरी प्रसिद्ध म्हणजे नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली बेडेकर, ती जरा गोडसर. त्यासाठी वाट वाकडी करावी लागते आणि सुट्टीच्या दिवशी रांग असते, म्हणून ती दुसऱ्या खेपेला.

पुणेरी मिसळ कशी बांधलेली असते ते एकदा नीट बघा. खाली पोहे, कधी बटाट्याची भाजी, त्यावर मटकी, मग शेव-फरसाण, वरून रस्सा, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. सोबत बऱ्याच जुन्या ठिकाणी पाव येत नाही, स्लाइस ब्रेड येतो. पाव द्या म्हणून आग्रह धरू नका, रस्सा स्लाइसमध्ये पटकन मुरतो आणि तसाच तो खायचा असतो. रस्सा संपला तर 'सँपल' मागायचं. आणि दोघांत एकच प्लेट घ्या! मिसळीवरच पोट भरलं तर पुढचं सगळं नुसतं बघत बसाल.

८. लाल महाल आणि शनिवारवाडा

लाल महालासमोर एक गैरसमज हमखास होतो. आत्ता दिसते ती इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे, मूळ लाल महाल केव्हाच गेला. तरी जागेचं महत्त्व आहे ते आहेच. शिवराय लहानपणी इथे राहिले आणि एप्रिल १६६३ मध्ये याच लाल महालात शिरून त्यांनी शायिस्ताखानाची बोटं छाटली. मोठ्या फौजेच्या गराड्यात असलेल्या वाड्यात रात्री कसं शिरले, कुठून बाहेर पडले हे गाइडला त्या जागेवर उभं राहून सांगायला लावा, पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे ते लगेच कळतं.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, आणि त्या वेळचा खर्च १६,११० रुपये असा सांगितला जातो. आत गेल्यावर खूप जण निराश होतात कारण आत बाग आणि जळालेल्या इमारतींची जोती, म्हणजे दगडी चौथरे, एवढंच आहे. त्यासाठीच सांगते, आतल्यापेक्षा दिल्ली दरवाजाला जास्त वेळ द्या. दाराच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेले अणकुचीदार खिळे, मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजा, आत शिरताच रस्ता सरळ न जाता वळतो तो का, भिंतीवरची पुसट झालेली जुनी चित्रं, आणि वर लाकडी खांबांचा नगारखाना. नगारखान्यात उभं राहिलात की समोरचं पटांगण दिसतं, १७ नोव्हेंबर १८१७ ला याच वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि शहराचा मालक बदलला.

वेळ कमी असेल तर आत जायचं सोडा, दरवाजा सोडू नका.

९. चहा

शनिवारवाड्यानंतर पाय बोलायला लागतात. अमृततुल्य गाठा. कुठल्याही जुन्या पेठेत चारदोन सापडतील, बहुतेकांची नावं कुठल्या तरी ईश्वरावरून, आणि बहुतेक दुकानं राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेल्या कुटुंबांची. हल्ली चकाचक साखळी दुकानांनीही हेच नाव घेतलंय, तिथला चहा वाईट असतो असं नाही, पण तुम्हाला जुनं बघायचंय. जुन्या ठिकाणी चहावाला ओट्यावर बसलेला असतो, समोर घासून लख्ख केलेलं पितळी पातेलं, दूध-पाणी-साखर-चहा एकत्र उकळत असतं, मधेमधे ओगराळ्याने वर घेऊन परत सोडतो, आलं-वेलदोडा तिथल्या तिथे कुटून टाकतो आणि फडक्यातून पिळून गाळतो. गोड असतो. कमी साखर सांगून उपयोग नाही, साखर आधीच त्यात उकळलेली असते.

सोबत क्रीमरोल किंवा नानकटाई. त्याच्या वर काही नको.

१०. बुधवार, बेलबाग, तुळशीबाग, मंडई

इथून पुढे गर्दी वाढते. दगडूशेठच्या समोरच भिडे वाडा होता, १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो. मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. तिथे बघायला फार काही नाही म्हणून ग्रुप न थांबताच पुढे जातो, पण तुम्ही दोन मिनिटं थांबा. आज आपल्यापैकी जितक्या जणी लिहितो-वाचतो, नोकरी करतो, त्याची सुरुवात या जागेवर झाली.

बुधवार पेठेच्या काही गल्ल्यांमध्ये वेश्यावस्ती आहे. मार्ग जवळून जातो. तिथे कॅमेरा बंद, हसणं-खिदळणं बंद, तिथल्या बायकाही आपापल्या घराच्या दारातच उभ्या असतात.

लक्ष्मी रोडवर बेलबाग, नाना फडणवीसांचं विष्णूचं देऊळ, रस्त्यावरून कळतसुद्धा नाही इतकं आत आहे. तसंच तुळशीबागेचं. वर्षानुवर्षं तिथून कानातली, भांडी, ओढण्या घेणारे लोक आहेत ज्यांनी आतलं राममंदिर बघितलेलं नाही. नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशवाईत बांधलेलं, उंच नक्षीदार शिखर, आत शिरलात की बाजाराचा गलका एकदम कमी होतो. खरेदी आधी करू नका, आधी देऊळ. खरेदीत शिरलेली माणसं वॉकला परत येत नाहीत हा माझा पक्का अनुभव आहे.

दूध-आइस्क्रीम चालत असेल तर तुळशीबागेत कावरेंकडे मस्तानी घ्या, घट्ट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा, सीझन असेल तर आंबा. सदाशिव पेठेतली सुजाता मस्तानीही तेवढीच प्रसिद्ध, कोणाची भारी यावर पुण्यात घरोघरी वाद आहेत, तुम्ही दोन्ही पिऊन ठरवा. घरी न्यायला बाकरवडी बाजीराव रोडला चितळ्यांकडून, ती मात्र शेवटी घ्या, पिशवीत चुरा होतो.

आणि शेवटी मंडई. १८८६ ला सुरू झाली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या लांब दगडी ओवऱ्या, प्रत्येकीत उंच ओटे, ओट्यावर विक्रेते आणि खाली आपण. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या बांधकामावर एवढा पैसा घालायला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे. आत फिरा, मान वर करून छप्पर बघा, मग भाजी घ्या. थंडीत आलात तर हुरडा, ओला हरभरा, सीझनप्रमाणे पुरंदरची सीताफळं आणि अंजिरं. दाबून बघू नका, ओरडा बसतो.

११. जेवण करायचं असेल तर

इतकं खाऊनही जागा असेल तर पेठेतली जुनी खाणावळ गाठा. पूर्वी बाहेरगावची गरीब मुलं पुण्यात शिकायला यायची तेव्हा वार लावून जेवायची, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, किंवा माधुकरी मागायची. वार मिळणं हेही जातीवर होतं, सगळ्यांना ते दार उघडं नव्हतं. नंतर खाणावळी आणि बोर्डिंग हाउस आली, नोकरदार आणि विद्यार्थी महिन्याचा हिशेब ठेवून जेवायला लागले. पूना बोर्डिंग, बादशाही ही त्यातलीच नावं. शाकाहारी साधी थाळी, वरण-भात-तूप, दोन भाज्या, कोशिंबीर, पोळ्या, ताक. मटण हवं असेल तर आवारे मराठा खाणावळ. सगळीकडे वेळ ठरलेली असते, दोननंतर गेलात तर संपलेलं असतं, आणि जेवून झाल्यावर गप्पा मारत टेबल अडवायचं नाही, मागे लोक उभे असतात.

१२. नेहमीच्या अडचणी

मॅप बोळात चुकतो. इथे पत्ता देवळावरून सांगतात, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, सोन्या मारुती, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती. ही नावं वहीत लिहून ठेवा, रस्ता चुकलात तर रस्त्याच्या नावाऐवजी जवळचा मारुती विचारा, कुणीही सांगेल.

वाड्याचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. ती राहती घरं आहेत. ओट्यावर कुणी आजी-आजोबा बसलेले दिसले तर "आत चौक बघू का?" असं विचारा, गाइडला न सुचलेलं बरंच काही त्यांच्याकडून ऐकायला मिळतं, विशेषतः पानशेतच्या पुराचं. नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे.

लहान मुलांना आणत असाल तर शनिवारवाड्यापर्यंतच आणा, पुढच्या गर्दीत त्यांचे आणि तुमचे दोघांचे हाल. गुडघे दुखणाऱ्यांनी नगारखान्याच्या पायऱ्या टाळल्या तरी चालेल, खालून बराच भाग दिसतो. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर साबुदाण्याची खिचडी, वडे यांच्यापासून लांब राहा आणि मिसळीतही विचारून घ्या.

१३. दुसऱ्या खेपेला कुठे

एकटे फिरायला तयार झालात की सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती बघा. अठराव्या शतकातलं काळ्या दगडाचं छोटं देऊळ, गोसाव्यांनी बांधलेलं, तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला, आणि दर्शनी भिंतीवर साखळीने बांधलेला गेंडा आणि त्याला धरणारे परदेशी वेशातले शिपाई कोरलेत. दुपारच्या आत जा म्हणजे कोरीव काम नीट दिसेल. मग विश्रामबाग वाडा, दुसऱ्या बाजीरावाचा, सुरूच्या झाडासारखे लाकडी खांब, आणि पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथेच संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिथून बाजीराव रोडने राजा केळकर संग्रहालय, दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं. स्वयंपाकघराची भांडी, अडकित्ते, दिवे यांच्या दालनाला एक तास राखून ठेवा, तांबट आळी बघून गेलात तर प्रत्येक भांड्यावरचे ठोके ओळखू येतात. वाचायची आवड लागली तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, तिथे व्याख्यानं होतात, त्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवा. आणि फुले वाडा पहिल्या दिवशी राहिला असेल तर दुसऱ्या खेपेची सुरुवात तिथून करा, सकाळी शांत असतो.